दुसऱ्या पायरीवरची रेघ

कसबा बावडा, कोल्हापूर
रविवार, १४ मे २००६

चि. कृष्णात यास,

तात्या गुरुजींचे अनेक आशीर्वाद. तू, अक्षता आणि छोटा आर्यन नेसरीत खुशाल असाल असे धरून चालतो. आमच्याकडे श्यामलाचे गुडघे सोडले तर बाकी ठीक. ऊन यंदा फार आहे.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. सात वर्षं तू खाली आणि आम्ही वर राहिलो, पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. जिन्यातून हाक मारली की तू हजर. गेल्या ऑगस्टमध्ये टेंपो भरून तू गेलास तेव्हा मी नेमका बाजारात होतो. परत आलो तर खोलीची किल्ली श्यामलाच्या हातात होती. तू निरोप घेतला नाहीस, आणि मीही नंतर पत्ता विचारत फिरलो नाही. हा पत्ता तुझ्या कंपनीतल्या गुंडूकडून मिळवला, तोही तीन खेपा घातल्यावर.

कामाचं सांगतो. आपल्या गल्लीच्या मंडळाच्या पोरांनी यंदा शहाणपणा केला आहे. गेल्या वर्षीच्या पुरानंतर त्यांनी घरटी एक छापील फॉर्म वाटलाय. वर लिहिलंय, ‘कुटुंबाचा आपत्ती आराखडा’. घरात माणसं किती, म्हातारं कोण, आजारी कोण, पाणी यायला लागलं की आधी कोण निघणार, बरोबर काय घेणार, कुठं जमणार. मृग लागायच्या आत भरून द्यायचा आहे. अध्यक्ष आहे आपला पिराजी, तो तुला माहीतच आहे. मला म्हणाला, “गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं. तुमचा फॉर्म आधी भरा, म्हंजे बाकीच्यास्नी नमुना म्हनून दावतो.” तेहतीस वर्षं चित्रकला शिकवली, त्याचं हे फळ.

फॉर्म घेऊन बसलो आणि तुझी आठवण आली. तुला आठवतं का, तुमच्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आगीची तालीम झाली होती? तू संध्याकाळी येऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलास आणि रंगवून सांगितलंस. भोंगा वाजला की हातातलं काम टाकायचं, मशीन बंद करायचं, गेटपाशी रांगेत उभं राहायचं, आणि सुपरवायझर माणसं मोजतो. एक जरी कमी भरला तर आत बघायला जातात. मग म्हणालास, “गुरुजी, आपल्या घराचा बी असला एक प्लॅन पायजे की. पंचगंगा काय लांब न्हाय.” मी हसलो होतो. “चार माणसांच्या घरात मोजायचं काय रे?” असं काहीतरी बोललो होतो. तेव्हा तू गप्प बसलास. तू नेहमी असाच गप्प बसायचास, मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही म्हणून.

आता मला मोजायचं आहे आणि कसं ते कळत नाही. तेव्हा तूच तपासून दे. मी आतापर्यंत ठरवलेलं लिहितो.

माणसं: दोन. मी आणि श्यामला. खालच्या खोल्या रिकाम्या आहेत. तिथं ‘भाडेकरू’ असा रकाना आहे, तो तसाच ठेवलाय.

निघायची वेळ: स्मशानभूमीच्या पत्र्याला पाणी लागलं की त्याच दिवशी. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, आणि कोण काय म्हणतं तेही ऐकायचं नाही.

कुणाला सांगायचं: आपण निघणार असू तर खाली, शेजारी, समोर, प्रत्येक दारात जाऊन सांगायचं. खरं कारण सांगायचं. हे वाक्य श्यामलाला पटलं नाही. ती म्हणाली, “फॉर्ममध्ये असलं लिहितात का? लोक हसतील.” मी खोडलं नाही.

बरोबर घ्यायचं: औषधं, बॅटरी, रेशनकार्ड, पेन्शनची कागदं, घोंगडं. घोंगडी दोन घ्यायची. ओल्या अंगावर दुसरं कोरडं लागतं.

वरची किल्ली: एक आमच्याकडे, एक जिन्याच्या खाली खिळ्याला. हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. वरच्या दाराला किल्ली असावीच का, हा प्रश्न आहे. तू काय म्हणतोस?

शेवटी एक रकाना आहे, ‘१९८९ च्या पुरात आपल्या घरात पाणी कुठपर्यंत आले होते?’ तो मी तूर्त मोकळा ठेवला आहे. घराला मध्यंतरी रंग दिला, अंगणात मुरूम भरून घेतला, त्यामुळे मापात गोंधळ होतो. बघू.

सकाळी अंगण फार शांत असतं. श्यामला म्हणते, तुम्हाला ऐकू कमी येतं. तसं असेल. पण सातला कुणी झाडू मारत नाही आणि वर बघून हाक मारत नाही, हे कानाचं दुखणं नव्हे.

उत्तर लिही. न जमल्यास अक्षताला लिहायला सांग.

तुझा,
तात्या गुरुजी

ता. क. तुझा एक स्क्रू-ड्रायव्हर आणि आर्यनची पाटी राहिली आहे. चिखलातून काढून धुऊन ठेवली आहे.


कसबा बावडा
रविवार, २८ मे २००६

चि. कृष्णात यास आशीर्वाद.

पहिल्या पत्राला दोन आठवडे झाले. पोस्टमन आपल्या गल्लीत येतो तेव्हा मी दारातच असतो. तो आता लांबूनच मान हलवतो. पोहोचलं नसेल असं मी स्वतःला सांगतो, पण नेसरी काही परदेशात नाही.

गेल्या रविवारी गल्लीची तालीम झाली. तुमच्या कंपनीसारखा भोंगा कुठला, देवळाची घंटा पिराजीनं बडवली. सगळ्यांनी घरं सोडून शाळेच्या पटांगणात जमायचं असं ठरलं होतं. निम्मे लोक चहा टाकून आले, कुणी कुलूप विसरलं म्हणून परत गेलं, शालूबाई तर कुकरची तिसरी शिट्टी झाल्याशिवाय हलली नाही. पोरं हसत होती. माणसं मोजायचं काम माझ्याकडे दिलं होतं, मी मास्तर म्हणून. आपल्या ओळीतली नऊ घरं. मी वही घेऊन मोजली. एकेचाळीस भरली. वहीत बेचाळीस होती. पुन्हा मोजली. पुन्हा एकेचाळीस.

पिराजीनं वही घेतली आणि बघितलं. मी जुन्या मतदारयादीवरून नावं उतरवली होती. आमच्या घरापुढं तिसरं नाव तुझ्या आईचं, मीनाबाईंचं होतं. तुझं आणि अक्षताचं मी आठवणीनं गाळलं, त्यांचं राहिलं.  पिराजीनं वही मिटून माझ्या हातात दिली.

घरी येताना तो बोलला. जे बोलला ते तुला माहीत असेल, मला माहीत नव्हतं. म्हणून लिहितो.

गेल्या वर्षीच्या पुरात त्या सकाळी तो होडी घेऊन आला तेव्हा तुझी आई आमच्या जिन्याच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर, दाराला पाठ लावून बसली होती, हे मला माहीत होतं. दाराला आमचं कुलूप होतं, हेही. अंगावर पावसाची झड रात्रभर होती. आम्ही गल्लीत पाणी यायच्या दोन दिवस आधीच राजारामपुरीत अवंतिकाकडे गेलो होतो. लेकीचं घर उंचावर आहे. पिराजी म्हणाला, त्यानं तिला उचलून नावेत घेतलं आणि विचारलं, “आज्जे, ही पहार हितंच भिताडाला उभी हाय की. कुलूप फोडायचं न्हाईस व्हय?”

ती म्हणाली, “मालकाचं घर हाय बाबा. फोडायचं कसं?”

एवढंच तिचं बोलणं झालं, पुढं तिला हुडहुडी भरली. चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्यात ती वारली तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मला वाटलं, कुलपासाठीच बघत नाहीस.

कृष्णात, ते कुलूप का लावलं होतं ते सांगतो. चोरांसाठी, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. पुरात कसले आलेत चोर? खाली राहणारं बिऱ्हाड एकच होतं, तुमचं. सात वर्षांत तुझी आई तिसऱ्या पायरीच्या वर आली नव्हती. आम्ही कधी ‘येऊ नका’ म्हटलं नाही. ‘या’ असंही म्हटलं नाही. वर श्यामलाचं देवघर आहे, पिण्याचं पाणी आहे, असल्या गोष्टी न बोलता कळतात आणि आम्ही त्या न बोलता कळू दिल्या. शाळेत मी पोरांना समतेची चित्रं काढायला लावत होतो. त्या वर्गात मला शरम वाटली नाही, आता वाटते.

तेव्हा आराखड्यात बदल केला आहे. वरच्या दाराचा कडी-कोयंडा काल सुताराकडून काढून घेतला. आता त्या दाराला काही लावता येत नाही. रात्री वाऱ्यानं उघडतं म्हणून श्यामला दगड ठेवते. चिडते. पण पुन्हा बसवू या असं ती म्हणाली नाही. पहार जिन्यात टांगून त्याच्यावर लाल रंगात लिहिलं आहे, ‘वाट अडली तर हिनं फोडावं, मालकाची परवानगी आहे.’ वाचून शालूबाई डोळ्याला पदर लावून गेली.

हे मला गेल्या वर्षीच लिहायला हवं होतं. कुलपाचा राग तुझ्या मनात आहे, तो बरोबर आहे. शिवी दे, पण उत्तर दे.

‘१९८९’ चा रकाना अजून मोकळा आहे. पिराजी रोज मागतो.

तुझा,
तात्या


कसबा बावडा
रविवार, ११ जून २००६

कृष्णात, जयभीम.

तुझी आई रोज सकाळी सातला अंगण झाडताना वर बघून हा शब्द म्हणायची, “जयभीम, गुरुजी.” मी गॅलरीतून मान हलवायचो. फार तर “हं” म्हणायचो. सात वर्षांत एकदाही तो शब्द उलटून दिला नाही. तोंड झिजलं नसतं. आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही, म्हणून त्याच शब्दानं सुरुवात करतो.

अक्षताचं कार्ड गुरुवारी मिळालं. तिनं ते तुझ्या नकळत लिहिलंय की कसं, मला ठाऊक नाही. तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं मी आता ठरवलंय, म्हणून तिचेच शब्द उतरवतो. तिला रागावू नकोस.

‘गुरुजी, तुमची दोन्ही पत्रं आली. ह्यांनी वाचली, घडी घालून ठेवली. काही बोलत नाहीत. कंपनी सोडली ते पुन्हा कुठे कामाला गेले नाहीत. जेवण दोन घास. कुलपाचा राग आमच्या मनात नाही, कुलूप तुमच्या घराचं होतं. हे म्हणतात, आईला मी मारलं. मीच फोनवर सांगितलं, रेघेच्या वर पाणी जात नाही, बस घरात. मी सांगितलं नसतं तर शालूबाईबरोबर गेली असती. उठता बसता हेच. परवा विहिरीच्या काठावर बसलेले सापडले. मला भीती वाटते. तुम्ही शिकलेलं माणूस आहात, तुम्ही समजावून दोन शब्द लिहा. तुमचं ऐकतील.’

समजावून लिही, म्हणते. दोन दिवस ते कार्ड खिशात घालून हिंडलो. समजावणारी वाक्यं मला येतात रे. कुणाच्याही दहाव्याला चार लोक माझ्याभोवती बसतात. ‘तुझा दोष नाही, नशिबात होतं,’ असं लिहून पाकीट बंद करता आलं असतं. तू वाचलं असतंस, घडी घालून ठेवलं असतंस, आणि पुन्हा विहिरीवर गेला असतास. कारण तुझा हिशेब त्या वाक्यानं चुकीचा ठरत नाही. रेघ होती, तू रेघेवर विश्वास ठेवलास, आईला तसं सांगितलंस. यात नशीब कुठं येतं?

तेव्हा रेघेचंच सांगतो.

एकोणनव्वदच्या पुरात आमच्या घरात पाणी खिडकीच्या चौकटीला लागलं होतं. खालच्या खोलीच्या खिडकीच्या. उभ्या माणसाच्या छातीइतकं. ओसरल्यावर मी कंपासच्या टोकानं भिंतीवर रेघ कोरली आणि खाली तारीख घातली. गल्लीत सगळ्यांनीच आपापल्या भिंतीवर खुणा केल्या होत्या.

नंतर जिना बांधला, आम्ही वर राहायला गेलो आणि खालच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या ठरवल्या. लोक बघायला यायचे, खोली पसंत पडायची, मग खिडकीखालची रेघ दिसायची. “एवढं पानी येतंय?” म्हणायचे आणि पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत. दोन बिऱ्हाडं तशी परत गेली. सत्त्याण्णवच्या दिवाळीत घराला रंग दिला तेव्हा मी त्या रेघेत लांबी, म्हणजे पुट्टी भरली आणि वरून रंगाचे दोन हात दिले. रेघ गेली.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नदीकाठच्या गल्लीत जुन्या घरावर खूणच नाही म्हटल्यावर माणूस शेजारी चौकशी करतो. खूण असली की चौकशी थांबते. म्हणून मी ऑइलपेंट घेतला आणि दुसऱ्या पायरीच्या कडेला, जमिनीपासून दोन वितींवर, पट्टी लावून रेघ ओढली. तिच्यावर माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘पूर १९८९, पाणी इथपर्यंत’. श्यामलानं डबा धरला होता. ती म्हणाली, “कुणाला कळलं तर?” मी म्हणालो, “अंगणात मुरूम भरलाय, कुणाला माप लागणार नाही.” खरंच कुणाला लागलं नाही. गुरुजींच्या हातची रेघ, कोण शंका घेणार?

मग तू आलास. उन्हाळ्याचे दिवस होते, आई बरोबर होती. तुम्ही नेसरीकडची डोंगरची माणसं, नदीकाठी कधी राहिला नव्हता. तू पहिलाच प्रश्न विचारलास, “गुरुजी, हितं पुराचं पानी येतंय व्हय?”  मी नुसतं पायरीवरच्या रेघेकडे बोट दाखवलं. तू वाकून वाचलंस, आईला वाचून दाखवलंस, आणि ती म्हणाली, “मग काय भ्या न्हाय. दोन पायऱ्याचं पानी म्हंजे काय पानी?” आणि तुम्ही राहिलात.

आता गेल्या वर्षीचं. हे तुला कुणीच सांगितलं नसणार, कारण आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नाही.

धरणाचे दरवाजे उघडल्याचं रेडिओवर आलं त्या सकाळी मी नदीकडे जाऊन आलो. स्मशानभूमीच्या पत्र्याला पाणी लागलं होतं. एकोणनव्वदला तसं लागल्यावर दोन दिवसांत गल्ली बुडाली होती, ते मला पाठ होतं. मी घरी येऊन श्यामलाला म्हटलं, निघायचं. खाली आमची धान्याची पोती आणि जादा सिलिंडर होता, ते वर घ्यायला लागलो. तू कामावर होतास. अक्षता आर्यनला घेऊन रोपलावणीला नेसरीला गेली होती. तुझी आई मदतीला आली. न बोलावता आली. पोती तिसऱ्या पायरीपर्यंत आणून द्यायची, तिथून मी वर ओढायचो. तिनं विचारलं, “गुरुजी, लई पानी येनार हाय काय?”

मी म्हणालो, “छे हो. खाली उंदीर झालेत.”

उंदीर झालेत. हे मी म्हणालो. खरं सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग ती रेघ? आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. एका बाईपुढं लाज जाईल म्हणून मी उंदीर म्हणालो. “नातवाला, मोहितला बघून येतो,” असं सांगून आम्ही संध्याकाळी कुलूप लावून निघालो. ती रिक्षापर्यंत श्यामलाची पिशवी घेऊन आली.

पुढचं शालूबाईनं सांगितलंय. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी गल्लीत आलं. अकराला तुझा कंपनीतून शालूबाईच्या घरी फोन आला. आईला बोलावलं. तू म्हणालास, रेघेच्या वर कधी जात नाही, घाबरू नको, मी सुट्टी काढून येतो. तोवर आपल्याकडचा रस्ता पाण्याखाली गेला होता, तू कसा येणार? बाराला शालूबाई निघाली. तिनं हाक मारली, “मीनाबाई, चला वो.” तुझी आई पायरीपाशी उभी राहून पाणी बघत होती. म्हणाली, “रेघेला टेकलंय बघ. किस्नात म्हनलाय, वर जात न्हाय. आता उतारंच हाय. तू हो म्होरं.” तासाभरात रेघ बुडाली आणि गल्लीतून एकट्या माणसाला चालवेना. मग जिना. मग ते दार.

मी खरी रेघ ठेवली असती तर ती खिडकीजवळ उभी राहून, छातीला हात लावून, माप बघून पहिल्या दिवशीच निघाली असती. किंवा तू मुळात तिथं राहिलाच नसतास. तिनं तुझं ऐकलं. तू माझं ऐकलंस. कृष्णात, कुलपाचं पत्र लिहिलं तेव्हाही मी हे गिळून ठेवलं होतं. मला वाटलं, एका गुन्ह्याची कबुली दिली की दुसरा झाकता येतो. तुझा राग मी ओढवून घेत होतो ते खऱ्या कारणापासून तुला लांब ठेवण्यासाठी. तू मात्र राग स्वतःवर काढत बसला आहेस, हे कार्ड येईपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नाही.

काल सकाळी पत्ती घेऊन खिडकीखालचा रंग खरवडला. लांबी निघाली आणि कंपासची रेघ जशीच्या तशी आत होती. तारखेसकट. पायरीवरची रेघ सॅण्डपेपरनं घासून काढली, हाताची सालं गेली. खिडकीखालच्या रेघेवरून काळा रंग फिरवला आणि वर एक फुटावर गेल्या वर्षीची ओढली. फॉर्ममधला रकाना भरला.

पिराजी येऊन बघत उभा राहिला. म्हणाला, “गुरुजी, आधीची चुकली व्हती काय?”

मी म्हणालो, “चुकली नव्हती. मी खाली ओढली होती. भाडेकरू मिळावा म्हणून.”

तो वाकून पायरीवरची घासलेली जागा बघून आला. मग गेला. संध्याकाळी मंडळाचा एक जण आला आणि माणसं मोजायची वही घेऊन गेला. ती आता शालूबाईकडे आहे. तिला वाचता येतं जेमतेम, पण ती माणूस सोडून जाणार नाही. नमुना म्हणून लावलेला माझा फॉर्मही काढलाय. अवंतिकाचा फोन आला, “तात्या, आता हे उकरून काय मिळवलंत?” श्यामला कालपासून जेवलेली नाही. आज सकाळी दूधवाल्यानं दूध घातलं, पण वर बघितलं नाही.

मला माफी नको. मागायचा हक्क नाही आणि तू दिलीस तर मला ती ठेवायला जागा नाही. हे पत्र अक्षताला दाखव, भावकीत वाच, पोलिसात द्यायचं असेल तर दे. मी ह्याच पत्त्यावर आहे. पाऊस परवापासून लागलाय, नदी अजून पात्रात आहे. पत्र्याला पाणी लागलं तर श्यामलाला अवंतिकाकडे पाठवीन. दारोदार सांगायला मी मागं राहीन. आराखड्यात माझ्या नावापुढं ‘सगळ्यांत शेवटी’ असं लिहिलं आहे.

एकच मागणं आहे, तेही माझ्यासाठी नाही. विहिरीकडे जाऊ नकोस. आईला तू जे सांगितलंस ते भिंतीवर लिहिलेलं वाचून सांगितलंस. कुठल्याही मुलानं तेच सांगितलं असतं. तुझं सांगणं खोटं नव्हतं, कृष्णात. रेघ खोटी होती.

ती ओढणारा,
तात्या